जुन्या कॉन सॅक्सोफोनवरच्या जादा सोयी: ठेवाव्यात की बंद कराव्यात?

धागाकर्ता: माझ्याकडे 1920 च्या दशकातला, अमेरिकेत एल्खार्टला बनलेला, कॉन कंपनीचा न्यू वंडर आल्टो सॅक्सोफोन आहे. नेकवर (माउथपीसखालच्या वाकड्या नळीवर) मायक्रोट्यूनर, जी शार्पच्या ट्रिलची (दोन सूर झपाट्याने आलटूनपालटून वाजवण्याची) वेगळी कळ, फोर्क्ड ई फ्लॅट, आणि भोकांच्या कडा बाहेर वळवलेल्या. दुरुस्तीला दिला तर कारागीर म्हणाला, "ई फ्लॅटचं ते जादा भोक कॉर्कने बुजवतो, मायक्रोट्यूनरला डाग देऊन (धातूने झाळून) पक्का करतो. कशाला हवंय ते?" मी वाद्य तसंच परत आणलं. मायक्रोट्यूनरची कडी फिरवली की सूर केसभर चढतो किंवा उतरतो, माउथपीस कॉर्कवर रेटावा लागत नाही. चार मात्रांच्या विश्रांतीत जुळवून होतं. अशी चीज कायमची जाम करायची?

टेनरवाला: करायची. फोर्क्ड ई फ्लॅट म्हणजे उजव्या हाताचं मधलं बोट उचलून पहिल्या आणि तिसऱ्या बोटाने ई फ्लॅट काढणं. आज तो सूर सगळे करंगळीच्या कळीने काढतात. पण त्या जादा भोकावरच्या पॅडला (भोक झाकणाऱ्या गादीला) जराशी फट राहिली की डीपासून खालचे सगळे सूर घुसमटतात. माझ्या त्याच काळातल्या टेनरवर (आल्टोहून मोठ्या सॅक्सोफोनवर) मी भोक बुजवलं आणि खालचा बी फ्लॅट पहिल्यांदा हलक्या फुंकरीत बोलला. वाद्य वाजवायला असतं हो.

पॅड_कॉर्क: मी दुरुस्तीच करतो. कॉर्क उद्या काढता येतो, म्हणून त्याला माझा विरोध नाही. डाग मात्र नको. मायक्रोट्यूनर गळतो तो आतलं वॉशर सुकून, ते बदला. आणि वळवलेल्या कडांना कानस लावू देऊ नका! कड वरखाली असेल तर ती आतून हळूहळू उचलून सपाट करायची. कानशीने वळण झिजून पातळ होतं, मग ते परत येत नाही.

टेनरवाला: वेगळेपणाचं कौतुक शेवटी संग्रहालयातच होतं. 1950 मध्ये लंडनचा ग्राफ्टन सॅक्सोफोन आला, ॲक्रिलिकच्या (प्लास्टिकच्या) अंगाचा. ठिसूळ, आणि सुटे भाग मिळत नाहीत. आज रंगमंचावर किती दिसतात?

धागाकर्ता: त्याच ग्राफ्टनवर जाझचा नावाजलेला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर 1953 च्या मे महिन्यात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवून गेला. 1994 च्या लिलावात त्याच वाद्याला 93,500 पौंड मिळाले. तो संग्रहालयात आहे तो आधी वाजला म्हणून. कॉर्कपुरतं तुमचं मान्य. डीची घुसमट माझ्याही आल्टोत आहे. बाकी कशालाही हात लावू देणार नाही. आधी वॉशर बदलून घेतो.

टेनरवाला: बदला. पण कार्यक्रमाच्या रात्री ती कडी सैल झाली तर माझं आठवेल तुम्हाला.