टीमच्या ‘रेझिलियन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यासाठी) ट्रेनिंगचं पत्रक करतोय. त्यात ‘रेझिलियन्स’, म्हणजे अडचणीतनं पुन्हा उभं राहणं, याला मराठी शब्द पाहिजे. ‘लवचिकता’ लिहिलं तर कामगारांना वाटतंय, आता ओव्हरटाइमला नाही म्हणायची सोय नाही. ‘चिवटपणा’ चालेल का?

उत्तर: चिवटपणा नको. चिवट माणूस एकटा असतो, तो मोडत नाही की सोडत नाही, पण टीमचं काम कधीतरी कोलमडतंच आणि खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. मूळ लॅटिन शब्दातपण उसळून परत येणं असाच अर्थ आहे. मला ‘सावरणं’ सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ‘तो सावरला’ होतं तसं ‘तिनं त्याला सावरलं’ पण होतं, स्वतः उभं राहणं आणि दुसऱ्याला धरणं दोन्ही त्यात आलं, लवचिकतेत तो दुसरा माणूसच नाही.

टीमला सावरायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे एकाचं काम दुसऱ्याला येणं. २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, पुणे-बंगळूर हायवे बंद, चिखली-आंबेवाडीची माणसं कामावर येणार कुठनं? अशा वेळी भट्टी एकालाच चालवता येत असंल आणि तोच गावात अडकला तर सगळी पाळी बसून, पण कोअरवाल्याला (साच्याच्या आतला गाभा करणाऱ्याला) मोल्डिंग, म्हणजे साचा करणं, येत असंल तर चार माणसं कमी असूनपण थोडंफार काम निघतं. आणि हे शिकवणं पाणी चढल्यावर होत नाही, आधीच्या कोरड्या दिवसांतच करावं लागतं, त्याला वेळ आणि पगार दोन्ही मालकानं द्यायचा.

दुसरं म्हणजे बोलायची मोकळीक. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम अभ्यासल्या, १९९९ साली ते छापून आलं. चूक सांगितली तर आपली शोभा होणार नाही असा भरवसा जिथं होता त्या टीम जास्त शिकत होत्या. कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, दिसलं की हेल्परनं तिथंच ओरडून सांगायला पाहिजे, शिव्या बसतील म्हणून तो गप्प राहिला तर माल मशीनशॉपपर्यंत जातो आणि मग सावरायला फार महाग पडतं.

प्रश्न: पटलं. मग नाम काय करू, ‘सावरक्षमता’?

उत्तर: नको हो, ते सरकारी जीआरसारखं वाटतंय. क्रियापदच ठेवा. हेडिंग ‘सावरणारी टीम’ आणि खाली ‘कोण अडकलं तर कोण सावरणार?’ असं लिहून प्रत्येक मशीनपुढं दोन नावं भरायला जागा सोडा.