साथीदार, सागरीत की हस्तक?

रत्नागिरीची अनुवादक: एका जुन्या इंग्रजी निकालपत्राचा मराठी अनुवाद करताना ‘अकम्प्लिस’, म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला, या शब्दापाशी मी अडले आहे. तस्करीचा माल खाडीतून वर आणण्यासाठी एकाने होडी दिली आणि दुसऱ्याने रात्रभर खाडीच्या तोंडाशी कंदील धरला. मालाला मात्र दोघांनीही हात लावला नाही. मी दोघांना ‘साथीदार’ म्हटले, तर टंकलेखकाने सगळीकडे ‘साक्षीदार’ करून ठेवले. माझे काका म्हणतात की ‘साथीदार’ हा शब्द चोरांसाठी वापरूच नये, तिथे ‘सागरीत’च हवा. योग्य शब्द कोणता?

देवगडचे निवृत्त शिक्षक: काकांचे म्हणणे रास्त आहे. आमच्याकडे दशावतारात पेटी आणि पखवाज वाजवणाऱ्यांना साथीदार म्हणतात आणि त्या भल्या माणसांना कंदीलवाल्याच्या पंगतीला बसवणे मला पटत नाही. ‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा यावरून आला. त्याला फारसी ‘दार’ जोडून आपण धेडगुजरी शब्द केला. ‘सहापराधी’ असा शुद्ध शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशासाठी?

मालवणकर: गुरुजी, ‘सहापराधी’ म्हटले तर पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचालाही कळायचे नाही. ‘सागरीत’ मात्र आमचा, किनाऱ्यावरचा शब्द आहे. आमचे आजोबा सांगत की रात्री सागरातून चोरटा माल उतरवून घेणारे ते सागरीत, आणि लहानपणी काळोखात बंद दिव्यांची होडी दिसली की मला तो शब्द आठवून अंगावर काटा येई.

देवगडचे निवृत्त शिक्षक: आजोबांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की सागराचा इथे काहीही संबंध नाही. मूळ शब्द फारसी ‘शागिर्द’, म्हणजे शिष्य. पेशवाईच्या कागदांत घरच्या नोकरवर्गाला ‘शागीर्दपेशा’ म्हटलेले आढळते. शिष्याचा साथीदार आणि साथीदाराचा चोर होईपर्यंत शब्द पुरता घसरला.

मालवणकर: म्हणजे ताईंच्या काकांचा शुद्ध शब्द तुमच्या धेडगुजरीपेक्षाही अधिक फारसी निघाला! शब्द घसरतो तसा अर्थही बदलतो, आणि आज ‘सागरीत’ म्हटल्यावर कोणालाही शिष्य आठवत नाही.

ओरोसचे वकील: व्युत्पत्ती बाजूला ठेवून पाहिले तर म्होरक्याच्या हाताखालचा तो सागरीत, स्वतः पडद्याआड राहणाऱ्याच्या वतीने काम करणारा तो हस्तक, आणि बरोबरीने सामील होणारा तो साथीदार. ताई, तुमच्या कंदीलवाल्याला कोणासाठी उजेड दाखवतो आहोत हे ठाऊक होते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. ठाऊक नसेल तर तिन्ही शब्द चुकीचे ठरतील. तुमच्या टंकलेखकाची चूकही अगदीच वेडगळ नव्हे, कारण माफी मिळाली की साथीदाराचाच माफीचा साक्षीदार होतो. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 133 ने अशा माणसाची साक्ष ग्राह्य धरली होती, पण कलम 114 च्या एका दृष्टान्ताने, महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा नसेल तर त्याला अविश्वसनीय मानण्याची मुभाही न्यायालयाला दिली होती.

वेंगुर्ल्याच्या मावशी: एवढे शब्द झाले, पण ‘साटंलोटं’ कोणालाच कसे आठवले नाही? माझी आत्या साटंलोटं करूनच दिली होती. तिच्या नवऱ्याची बहीण आमच्या घरात सून म्हणून आली. त्यात कोणताही गुन्हा नव्हता, तरी वर्तमानपत्रे अधिकारी आणि ठेकेदार यांच्या संगनमताला हाच शब्द लावतात, याचा मला राग येतो.

ओरोसचे वकील: मावशी, जमिनीच्या साटेखतातले ‘साटे’ही तेच, देवाणघेवाणीचा करार.

मालवणकर: साटे समजले, पण मग ‘लोटे’ कोणते?

देवगडचे निवृत्त शिक्षक: निदान ते सागरातून आलेले नाही, एवढे नक्की.

रत्नागिरीची अनुवादक: आणि माझा कंदीलवाला?