टॅक्सला मराठीत एकच शब्द? आधी घरफाळ्याची पावती काढून बघा

फुलेवाडीकर
काल एकानं पोस्ट टाकलीय की इंग्रजीत टॅक्स, ड्युटी, लेव्ही, सेस, टोल असे नेमके शब्द आहेत आणि मराठीत सगळ्याला नुसता 'कर', त्यामुळं अर्थशास्त्र मराठीतून शिकवण्यात अर्थ नाही. वर सल्ला, फाळा, पट्टी, सारा असले गावठी शब्द आता सोडा. डोकंच फिरलं. कमेंटमध्ये मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी आज्जी मार्च आला की एकच विचारायची, "फाळा भरलास का रं?" फाळा म्हणजे वाटा. सगळ्यांचा मिळून जो खर्च त्यातला आपल्या घराचा वाटा, तो घरफाळा. जमिनीचा असतो तो सारा, पाण्याची पट्टी, आणि पूर्वी नाक्यावर मालाची घ्यायचे ती जकात. मराठेशाहीत चौथाई म्हणजे २५ टक्के, सरदेशमुखी म्हणजे १० टक्के, आणि धाक दाखवून घेतली तर खंडणी. कशावर घेतलं, कुणी घेतलं, कुठल्या हक्कानं घेतलं हे शब्दातच कळतंय. आता इंग्रजी बघा. टॅक्सचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ मोल ठरवणं, आणि दमवून टाकणाऱ्या कामालाही ते टॅक्सिंगच म्हणतात. ड्युटी म्हणजे देणं लागणं, म्हणून बंदरावर कस्टम ड्युटी आणि दवाखान्यात नर्सची नाईट ड्युटी, शब्द तोच. त्यांचा एक शब्द चार ठिकाणी चालला की भाषा श्रीमंत, आणि आपल्याकडं चार ठिकाणी चार शब्द असले की गावठी?

अर्थ_अनर्थ
ती पोस्ट माझी. आज्जीचा मान ठेवून सांगतो, फाळा हा शब्द पुण्याच्या पोराला माहीत नाही. तिथं मिळकत कर, मुंबईत मालमत्ता कर, इथं कोल्हापुरात घरफाळा. वस्तू एक, नावं तीन. मी १८ वर्षं बारावीला शिकवतोय, सेस आणि सरचार्ज यातला फरक विचारला की पोरं दोन्हीला कर लिहून मोकळी. सेसला उपकर, सरचार्जला अधिभार हे शब्द पुस्तकात छापलेत, पण घरात कोण बोलतं? चौथाईचा अभिमान मलाही आहे हो, पण जीएसटीचा पेपर त्यानं सुटत नाही.

सीए_शाहूपुरी
सर, तुमचा फरकाचा मुद्दा बरोबर आणि निष्कर्ष चूक. इन्कम टॅक्सवर ४ टक्के हेल्थ अँड एज्युकेशन सेस लागतो तो ठरावीक कामासाठी. सरचार्ज म्हणजे मोठ्या उत्पन्नवाल्यांच्या करावर आणखी कर. आणि केंद्राच्या या दोन्हीतला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, खरी गोम तिथं आहे. हे इंग्रजी मीडियमच्या किती पोरांना सांगता येतं? माझ्याकडं आर्टिकलशिपला, म्हणजे सीएचं काम शिकायला येतात त्यांना नाही येत. शब्द इंग्रजी असला म्हणजे अर्थ कळला असं होत नाही.

पण फुलेवाडीकर, तुमची बाजूही पूर्ण धुतलेली नाही. घरफाळ्याच्या बिलावर शिक्षण कर, रोजगार हमी कर असं छापतात, आणि ज्या १९६२ च्या कायद्यानं ते घेतात त्याच्या इंग्रजी नावात सेस आहे. आपणच सेसचा कर करून टाकला.

भाताचं_खाचर
लेव्हीला टॅक्सचा समानार्थी शब्द म्हणणाऱ्यानं आमच्या गगनबावड्याकडं यावं. आमच्यात 'लेव्ही घालायची' म्हणजे भात घालायचं. सरकारी भावानं. बाजारात भाव जास्त असला तरी तुमच्या नावावर जेवढं लावलंय तेवढं मुकाट आणून घालायचं. आजोबांचं एका वर्षी पावसानं भात गेलं तर त्यांनी बाजारातनं चढ्या भावानं विकत घेऊन लेव्ही घातली, हे सांगताना म्हातारपणी पण आवाज कापायचा त्यांचा. डिक्शनरीत काय लिहिलंय मला सांगू नका.

सीए_शाहूपुरी
साखरेचं पण तेच होतं दादा. कारखान्यांना १० टक्के साखर रेशनसाठी ठरलेल्या भावानं द्यावी लागायची, २०१२-१३ च्या हंगामापासून ते बंद झालं. हमालांच्या माथाडी बोर्डात मालक मजुरीवर जादा भरतो त्यालाही लेव्हीच म्हणतात. इंग्रजीत मूळ अर्थ उचलणं, गोळा करणं. पैसाही गोळा करतात, सैन्यही.

गुळवाली_ताई
शब्दांचं राहू दे, २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंद लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी लावला त्याला काय म्हणायचं ते सांगा. सुटा विकला तर नाही, नाव छापून विकला तर आहे. आम्ही बायकांनी मिळून लेबल छापलं तेच महागात पडलं.

उद्योग_उद्यमनगर
सगळे कराच्या नावानं रडताय म्हणून विचारतो, फुकट काय मिळतं? शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तेव्हाही आंदोलन करून हेच केलं कोल्हापूरनं. रस्ते पाहिजेत, टोल नको. टोल हा टॅक्स नाहीच, रस्ता वापरल्याचा मोबदला आहे. वापरू नका, देऊ नका.

फुलेवाडीकर
वापरू नका?? स्वतःच्या शहरातले रस्ते वापरायचे नाहीत तर जायचं कुठनं, पंचगंगेतनं? हायवेचा नव्हता तो टोल. घर शहरात, दुकान शहरात, पोरांची शाळा शहरात, आणि नाका मध्ये. गाडी घेताना रोड टॅक्स भरलाय, घरफाळा भरतोय, त्याच रस्त्याचे तिसऱ्यांदा कशाला द्यायचे? आईला डायलिसिसला नेताना अडवलंय मला नाक्यावर. ज्याला टाळायला वाटच नाही त्याला मोबदला म्हणू नये.

उद्योग_उद्यमनगर
आईचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण नाके जाळून रस्ते होत नाहीत.

रंकाळा_संध्याकाळ
जाळपोळीवर आंदोलन उडवून लावू नका. एन. डी. पाटील सर त्या वयात, तसली तब्येत असताना मोर्चात पुढं होते. कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अण्णांना मारलं आणि टोल गेला त्याच वर्षाच्या शेवटी, त्यांना बघायला मिळालं नाही. 'देणार नाही' म्हणत माझी सासू चप्पल तुटेपर्यंत चालली होती. तिला टोल टॅक्स आहे का फी हे विचारलं असतं तर तिनं सरळ खंडणी म्हणून सांगितलं असतं.

सीए_शाहूपुरी
ताई, भांडणाचं मूळ तिथंच आहे. राष्ट्रीय महामार्गावर आपण टोल टॅक्स म्हणतो, पण २००८ च्या नियमात त्याचं नाव फी आहे. टॅक्स दिला म्हणून बदल्यात अमुकच द्या असं सरकारला म्हणता येत नाही, फी म्हटलं की सेवा दाखवावी लागते. राज्यघटनेत राज्यांच्या यादीतही टोलची नोंद स्वतंत्र आहे, ५९ नंबरची. टोल टॅक्स म्हणत राहिलात तर खड्ड्याचा हिशोब मागायचा हक्क तुम्हीच सोडताय.

उद्योग_उद्यमनगर
म्हणजे मी मोबदला म्हटलं तेच बरोबर निघालं.

फुलेवाडीकर
शब्द बरोबर, ठिकाण चूक. मोबदला असेल तर नको म्हणायची सोय पाहिजे. ती कोल्हापुरात नव्हती.

अर्थ_अनर्थ
माझा विषय टोलच्या नाक्यावर अडकला, असो. फाळ्याला गावठी म्हणायला नको होतं, तेवढं मागं घेतो. सोमवारी वर्गात घरफाळ्याचं बिलच घेऊन जातो, त्यातला कर कुठला आणि सेस कुठला हे पोरांना शोधायला लावतो. पण बोर्डाच्या पेपरात 'फाळा' लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत, हे आज्जींच्या नातवानं पण मान्य करावं.

फुलेवाडीकर
मार्क मिळत नसतील तर ते पेपर काढणाऱ्याला सांगा, पोराला नको. आणि सर, बिल नेताय तर लेव्हीच्या वेळी गगनबावड्याच्या दादांच्या आजोबांचं पण सांगा वर्गात.