भूल देण्याआधीची तयारी : तुमचे अनुभव लिहा

आईचा गुडघा बदलायचा ठरलाय. भूलतज्ज्ञ परवा तपासणार आहेत. कागदावर ‘रात्री बारानंतर काही घेऊ नये’ एवढंच लिहिलंय. तुम्हाला काय काय विचारलं, काय तयारी केलीत, सांगा.

–

सासूबाईंचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, सकाळी आठला. पहाटे पाचला त्यांनी अर्धा कप चहा घेतला. “चहा म्हणजे काय खाणं आहे होय?” ऑपरेशन दुपारवर गेलं. भूलतज्ज्ञ बाईंनी मग त्यांना शांतपणे समजावलं. दूध पोटात गेलं की हलक्या खाण्यासारखंच धरतात, सहा तास सोडावे लागतात. भुलेत घसा आपल्या ताब्यात नसतो, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. साधं पाणी मात्र बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. आईचा नंबर दुपारी असेल तर रात्री बारापासून कोरडं ठेवायचं का, हे विचाराच. म्हातारी माणसं उगीच सुकतात.

–

आमच्या मावशीची तपासणी ऐकण्यासारखी होती.
“तंबाखू?” “छे!”
“मिश्री?” “ती लावते की. दात घासायला.”
डॉक्टर हसले नाहीत, लिहून घेतलं. मग तोंड मोठं उघडायला लावलं, जीभ बाहेर, मान मागे. नळी घालायला जागा किती ते बघतात म्हणे. हलणारा दात असेल तर तोही दाखवा.

–

माझं अपेंडिक्स नणंदेच्या लग्नानंतर लगेच उपटलं. बोटं मेंदीने काळी. ऑक्सिजनचा चिमटा नीट आकडा दाखवेना, शेवटी कानाच्या पाळीला लावला. भूल मणक्यातून. कुशीवर वळून गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, आणि हलायचं नाही. पाय आधी गरम झाले, मग ओंडक्यासारखे जड. जाग पूर्ण होती, डॉक्टरांच्या गप्पा ऐकू येत होत्या. आईला ते नको असेल तर झोपेचं औषध देतात, आधीच बोला.

–

गोळ्यांची अख्खी पिशवी न्या, वैद्यांच्या काढ्यासकट. बाबांना बीपीची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली, शुगरची नाही. रक्त पातळ करणारी कधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरलं. घरी ठरवू नका.

–

सगळ्यांचे आभार. आई कवळी काढून कुणासमोर यायला तयार नाही, त्याचं काय?

–

आमच्याकडे ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ठेवू दिली होती. नाव लिहिलेली डबी जवळ ठेवा.