समकालीन चित्रकाराचं एकच चित्र घरात लावायचं तर कुठलं?

कुंचलेकर: मी जलरंगवाला. घाट, देवळं, बैलगाड्या. विकलं जातं ते. पण घरी दुसऱ्याचं लावायचं तर माझं पक्कं आहे: डॉक्टर-चित्रकार गीव्ह पटेलांच्या विहिरीत डोकावण्याच्या मालिकेतलं कुठलंही. कठड्यावरून वाकून बघतोय असं वाटतं. क्षितिजच नाही! आभाळ आहे, तेही खाली, पाण्यात. आम्ही आधी क्षितिजरेषा आखून मग ब्रश उचलणारे. या डॉक्टरने ती उडवूनच टाकली. तुमचं कुठलं? आपल्या काळातला चित्रकार हवा. आणि नुसतं 'भावलं' चालणार नाही, चित्रात काय केलंय ते सांगा.

ठाणेकर: सुधीर पटवर्धनांचं 'लोअर परळ' (2001). हेही डॉक्टरच, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. एका जागी उभं राहून एवढा परळ दिसणारच नाही. वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेलं एकत्र बसवलंय. बाय द वे, दुसऱ्यांची चित्रं निवडायचं काम त्यांनीही केलंय. 2008-09 मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत गेलं, ती निवड त्यांची.

रेघोट्या: अतुल डोडियांचं 'महालक्ष्मी'. दुकानाला असतं तसं लोखंडी शटर. ओढलेलं असताना कॅलेंडरवरची लक्ष्मी. वर केलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी, कानपूरच्या हुंड्याच्या बातमीतल्या. शटर वर करायला हात जातो, ती खरी गोम. घरात मात्र नाही लावणार.

बडोदेकर: भूपेन खक्कर, 'यू कान्ट प्लीज ऑल' (1981). घराच्या गॅलरीत पाठमोरा नागडा माणूस, खाली बाप-मुलगा-गाढवाची गोष्ट. लघुचित्रात (जुन्या मिनिएचरमध्ये) असते तशी अख्खी गोष्ट एकाच चित्रात, तीच पात्रं पुन्हा पुन्हा. मूळ चित्र लंडनच्या टेटकडे आहे, तेव्हा घरी लावायचं विसरा.

कुंचलेकर: खक्कर जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण चालवून घेतो, माझे पटेल तरी कुठे आहेत आता. ठाणेकर, एक सांगा, मी असे दोन-तीन कोन एकत्र करायला गेलो की इमारती कलंडतात. काय करू?

ठाणेकर: इमारतींपासून सुरुवात करताय का? आधी माणसं ठेवून बघा, पुढची मोठी, मागची लहान. नजर त्यांच्यावरून चालत गेली की इमारत थोडी कलंडली तरी खपते. आणि यासाठी जलरंग नको, ॲक्रिलिक घ्या, दहादा वरून पुन्हा रंगवून बसवावं लागतं.