शब्द सुचवा: पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत, पण मिरवत नाहीत अशांसाठी

धागाकर्ती: एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. विषय ‘ओल्ड मनी’. चार-पाच पिढ्यांची मिळकत, अंगावर ब्रँडचं नाव दिसू द्यायचं नाही, जुनाच कोट वर्षानुवर्षं वापरायचा, चारचौघांत पैशाचा विषय काढायचा नाही, अशी घराणी. ‘जुना पैसा’ लिहिलं तर लोकांना नोटाबंदीतल्या पाचशेच्या नोटा आठवतील. ‘गर्भश्रीमंत’ जवळ जातो, पण त्यात वागण्याची छटा नाही. काय म्हणता?

चौसोपी: खानदानी! फारसीत खानदान म्हणजे घराणं. (‘खान’ या किताबाशी त्याचा संबंध नाही, तो समज उगाच पसरलाय.) अडचण एवढीच की हा शब्द आता हॉटेलवाल्यांनी आणि सराफांनी पळवलाय. खानदानी मटण थाळी, खानदानी दागिने. पाटीवर चढला तेव्हाच त्यातला संकोच गेला.

कोकणकर: ‘घरंदाज’ घ्या. (गोलंदाज, तिरंदाज यांतला ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. त्या हिशेबाने घरंदाज घर फेकणारा व्हायला हवा होता, पण ते असो.) या शब्दाची खुबी अशी की त्याला पैसा लागतच नाही. आमच्याकडे १९४९ च्या कायद्याने खोती (गावाचा सारा गोळा करायचा पिढीजात हक्क) गेली, पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळं मालक झाली. कित्येक घरांत मग चौथरा आणि आंब्याची चार झाडं उरली. तरी गाव त्यांना घरंदाजच म्हणत राहिला. गर्भश्रीमंत मात्र कुणी म्हणेना.

वैदर्भी: आमच्याकडे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनमालक. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण भंडारा-गोंदियाकडचे त्यांचे तलाव राहिले. ‘माजी मालगुजारी’चं लघुरूप करून सरकारी कागदांतसुद्धा ते ‘मामा तलाव’ झाले. मालक गेले, मामा उरले.
बाकी ‘मातबर’ आणि ‘तालेवार’ का नकोत?

चौसोपी: दोन्ही मूळचे फार सुंदर. मातबर अरबी ‘मुतबर’वरून, म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो असा. तालेवार म्हणजे नशीबवान. आज मात्र दोन्हींत आवाज आहे. ‘गावातली मातबर मंडळी’ म्हटलं की फ्लेक्सवरचे चेहरेच दिसतात.

परवचा: तुम्ही सगळे शब्द शोधताय, पण मराठीत ही छटा नामापेक्षा बोलण्याच्या पद्धतीत जास्त आहे. शंभर एकरवाल्याला विचारा, जमीन किती? “आहे थोडी, पोटापुरती.” कसं काय चाललंय? “खाऊनपिऊन सुखी.” पुण्यातले जुने वाडे बघा. रस्त्याकडे जाड भिंत, मोठ्या दरवाज्यात वाकून जावं लागेल एवढी दिंडी, आणि कोरीव खांबांचा चौक आत. दागिन्यांतही तेच. बसऱ्याच्या मोत्यांचा तन्मणी लांबून काही चमकत नाही, पण ओळखणारी बाई लग्नात शेजारी बसल्या बसल्या ओळखते.
पण यात थोरपणा किती, याची मला शंका आहे. “पोटापुरती” म्हणायची चैन त्यालाच परवडते, ज्याची जमीन ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. पाटील विटका कोट घालून चावडीवर बसला तरी गाव उठून उभा राहायचा. तोच माणूस तोच कोट घालून मुंबईत बँकेत गेला असता, तर रखवालदाराने हटकलं असतं. शहरात नव्याने पैसा मिळवणाऱ्याला ओळखणारं कोणी नसतं, त्याला दाखवावंच लागतं. आपण मात्र त्याला ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला’ म्हणून मोकळे होतो. ती म्हण कुणाच्या ओसरीवर जन्मली असेल, याचा विचार करा.

कोकणकर: पटलं. पण सगळाच साधेपणा नाटकी नसतो. दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघून आपल्या ताटाबद्दल बोलावं, हे वळण खरंच होतं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ती हीच ना?

परवचा: नाही हो. ती म्हण रिकाम्या मुठीची आहे! आत काही नाही हे कळू नये म्हणून झाकलेली. भरलेली मूठ झाकणाऱ्यासाठी मला तरी म्हण आठवत नाही.

सायली-दुपार: ‘घरंदाज’बद्दल एक हरकत. हा शब्द बाईवर किती वेळा पडतो आणि पुरुषावर किती वेळा, ते बघा. घरंदाज बायका मोठ्याने हसत नाहीत, घरंदाज मुली अशा उभ्या राहत नाहीत. पुरुषाला खानदानी म्हणतात आणि तो मिशीला पीळ देतो. शिवाय ‘घरंदाज स्थळ’ म्हणताना जातही मुकाट्याने आत येते. गाण्यातच तो मला निखळ आवडतो. घरंदाज गायकी म्हणजे टाळ्यांसाठी तान न घेणारी.

धागाकर्ती: जात निघालीच आहे तर सांगते, लेख बॉस्टनच्या जुन्या घराण्यांवरच आहे. त्यांना तिकडे ‘बॉस्टन ब्राह्मिन’ म्हणतात. १८६० मध्ये तिथल्या एका डॉक्टर-लेखकाने न्यू इंग्लंडच्या (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) विद्याव्यासंगी घराण्यांना ब्राह्मण जात म्हटलं, तिथून ते चिकटलं. जहाजं, चीनशी व्यापार आणि पुढे कापडगिरण्या यांतून कित्येकांचा पैसा आलेला. मराठीत हे जसंच्या तसं ठेवलं तर वाचक भलतीकडे जाईल.

सायली-दुपार: ठेवा की! व्यापारी आणि गिरणीमालकांना ब्राह्मण म्हटलेलं वाचून आपल्याकडे जी गंमत वाटेल, ती वाटू द्या. खाली एक ओळ खुलासा टाका.

चौसोपी: शीर्षकात ‘पिढीजात श्रीमंत’ करा. कोरडा शब्द आहे, कौतुक नाही की टोमणा नाही. आत जिथे वागण्याबद्दल असेल तिथे ‘घरंदाज’, तेही घराण्याला, बाईला नको.

धागाकर्ती: हे जमेल. संपादक ‘वडिलोपार्जित श्रीमंत’ सुचवतायत.

चौसोपी: वडिलोपार्जित म्हणजे वाडवडिलांनी मिळवलेलं. मिळकत वडिलोपार्जित असते, माणूस कसा असेल? ‘वडिलोपार्जित श्रीमंती’ म्हणा, मग चालेल.