मदत हवी आहे: जिला विचारून खात्री करायची, तिचाच संशय आला तर?

काठावरचा
सरळ मुद्द्यावर येतो. संशय आला की पुरावा तपासायचा, असं समुपदेशकांनी शिकवलंय. वहीत लिहायचं: काय घडलं, मला काय वाटलं, दुसरं काय कारण असेल, खात्री किती टक्के. शेवटी ताईला विचारायचं. बरेच महिने छान चाललं. आता ताईच त्यांना सामील आहे असं वाटतंय. परवा विचारलं तर आधी फोन उलटा ठेवला, मग उत्तर दिलं. आता कुणाला विचारू? "डॉक्टरांना भेटा" सोडून सांगा.

निशाचर
कुणाला सामील? निदान काय? गोळ्या चालू आहेत का? एवढं तरी लिहा राव.

काठावरचा
स्किझोफ्रेनिया, उघड आहे ना. 'ते' म्हणजे ऑफिसातले. मी जागेवरून उठलो की कुणीतरी खोकतं. पुढच्याला इशारा.

जुगाडू
सोपं आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करा. माझ्या भावाला आवाज ऐकू येतात, रेकॉर्डिंगमध्ये काही नसलं की शांत होतो.

तिरकस
प्रश्न वाचलात का? खोकला खराच आहे, रेकॉर्ड होणारच! मग रात्रभर तोच ऐकत बसायचं. खोकला कुणासाठी होता ते मोबाईल कसा सांगणार?

जुगाडू
भावाला उपयोग झाला म्हणून सांगितलं. राहिलं.

अंतर्मुख
दहा दिवसांचं मौन शिबिर करा. मन आरशासारखं होतं.

अबोली
अंतर्मुख, या आजारात हा सल्ला नको. तीव्र ध्यानानंतर सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) उसळल्याच्या नोंदी आहेत.
काठावरचा, तुमची पद्धत चांगली आहे. आपल्यावर पाळत आहे असं मानणाऱ्या रुग्णासोबत मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी असंच पुरावे तपासण्याचं काम केलं होतं, १९५२ सालचा लेख आहे. खोकल्याचं म्हणाल तर फक्त उठल्यावरचे मोजू नका, बसलेले असतानाचेही मोजा. आणि ताईबद्दल जुनी पानं वाचा. ती तुमच्या अक्षरात आहेत, तिच्या नाही. आत्ता खात्री किती? झोप?

काठावरचा
ताईबद्दल ७०. झोप चारेक तास. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात डोस कमी केला, बरा होतो म्हणून. त्याचा इथे काय संबंध?

तिरकस
संबंध?! अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं.

पाहुणा
अवांतर: मामांना क्लोझापिन (याच आजाराचं औषध) सुरू केलंय. दर आठवड्याला रक्त तपासतात, कायम का?

निशाचर
पांढऱ्या पेशी घटतात का ते बघतात. पुढे अंतर वाढतं. वेगळा धागा काढा.

अबोली
डोस उतरला, झोप गेली, संशय घरात आला. अशा वेळी नुसत्या वहीच्या भरवशावर राहू नका. खात्री ९० वर गेली की तपासणी राहत नाही, फक्त पुरावे गोळा होतात. आजच डॉक्टरांना फोन करा. "डोस कमी केल्यापासून झोप नाही, संशय वाढलाय" एवढं पुरे. गोळ्यांत स्वतः फेरफार नको. ताईला जाब विचारणंही सध्या राहू द्या.

काठावरचा
करतो. पण या डॉक्टरांकडे मला ताईनेच नेलं होतं, हे लक्षात घ्या.

अबोली
घेतलं. तेही त्यांना असंच सांगा. पेशंटला डॉक्टरांचाच संशय येणं त्यांना नवं नाही.